समुपदेशन म्हणजे बदली

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, आत्याला काउन्सेलिंगला पाठवलं होतं ना? ती बरी आहे ना?" आत्या माझ्या मागेच गॅलरीत कपडे वाळत घालत होती, म्हणून मी "बरी आहे, बरी आहे" म्हणून तुमच्या परीक्षेवर बोलू लागले. नंतर समजलं की तुमच्या बाबांनी तुम्हाला तो सगळा प्रकार गंमत म्हणून सांगितला होता. इथेही सगळे गंमत म्हणूनच सांगतात. मला त्याचा राग येतो. गोष्ट अशीच फिरत राहिली तर काही दिवसांनी तिच्यात गंमत तेवढी राहील, म्हणून आत्ताच क्रमाने लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला वेळ लागला तर लागू द्या, पण ही गोष्ट पुन्हा बाबांकडून ऐकू नका.

मुद्दा आधीच सांगून ठेवते. आत्याला पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होतील आणि तिला नोकरीतून सुटायचं आहे. तिला सुटता येईल की आणखी दोन वर्षं थांबावं लागेल, एवढाच प्रश्न आहे. आणि तिला सुटायचं आहे हे ती माझी लेक असून, माझ्याच घरात राहत असून, मला एका परक्या मुलीच्या खोलीत बसून कळलं.

तुमच्या देशात काउन्सेलिंग म्हटलं की मनाशी संबंधित काहीतरी, हे लहान मूलही सांगेल. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, मलाही तोच अर्थ माहीत. पण आपल्या सरकारी कचेऱ्यांत त्या शब्दाचं मराठी झालं समुपदेशन, आणि समुपदेशन म्हणजे बदली. दर उन्हाळ्यात बदल्यांच्या वेळी एका मोठ्या सभागृहात लोकांना बोलावतात. समोर पडद्यावर रिकाम्या जागा दिसतात. ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाला पुकारतात आणि त्याने त्यातली जागा निवडायची. आधी ज्याचा नंबर त्याला नागपूर, वर्धा, भंडारा मिळतं. शेवटी उरलेल्यांनी पार गडचिरोलीच्या जंगलातली सिरोंचा किंवा एटापल्ली घ्यायची. लोक रडतात, भांडतात, आजाराच्या फायली दाखवतात. कोणी म्हाताऱ्या आईबापांना व्हीलचेअरवर बसवून घेऊन येतात. या सगळ्याला समुपदेशन म्हणतात.

तुमची आत्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत आस्थापना शाखेत आहे. म्हणजे हे समुपदेशन भरवणं हेच तिचं काम. कित्येक वर्षं त्या सभागृहात साहेबांच्या शेजारच्या टेबलावर ती बसते, नाव पुकारते, निवडलेली जागा लिहून घेते. घरी आली की पंख्याखाली बसून पाणी पिते आणि कोणाशी बोलत नाही. मी समजत असे, उन्हाने दमली.

आता साठचं प्रकरण. केंद्र सरकारचे लोक साठाव्या वर्षी निवृत्त होतात, आपल्या राज्यातले अठ्ठावन्नला. आमच्याकडे फक्त शिपाईवर्गाला साठ आहे. बाकीच्यांनाही साठ करा, अशी संघटनांची फार जुनी मागणी आहे. यंदा मार्चपासून तर रोज व्हॉट्सअ‍ॅपवर "साठ झाले! अभिनंदन!" असं कोणीतरी टाकायचं आणि संध्याकाळी दुसरा कोणी "अफवा आहे" म्हणायचा. तिच्या कचेरीतल्या शिपायाला याचीच मजा वाटत होती. तो एकदा आमच्या घरी कूलरचं गवत बदलून द्यायला आला होता. आत्याला म्हणाला, "मॅडम, आमाले पहिलेपासूनच साठ हाय. आता तुमी लोकं आमच्या लाइनीत येऊन राहिले. या, या, जागा करून ठेवतो." आत्या हसली नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल. किती वेळा मी उन्हावर ढकललं!

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी कचेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश आला. तिच्यासह तिघांची नावं, आणि खाली, "उद्या सकाळी समुपदेशनासाठी उपस्थित राहावे." बाकी एक अक्षर नाही. मला याचाच फार संताप येतो. ज्यांना दिवसभर मसुदे लिहायचा पगार मिळतो त्यांना एक वाक्य पूर्ण लिहिता आलं नाही.

आत्याने तो संदेश मला वाचून दाखवला आणि खुर्चीत बसली.

"मला हलवताहेत, आई."

मी म्हटलं, "असं कसं? वर्षभर उरलेल्यांना हलवत नाहीत, तूच सांगतेस ना?"

"वर्षभर कुठे उरलंय? साठ झालं म्हणजे माझी तीन वर्षं उरली. तीन वर्षांच्या माणसाला हलवतात."

तिचा हिशेब चोख होता. साठचा निर्णय आतून झाला असणार, अजून बाहेर आला नसणार, आणि म्हणूनच निवृत्तीच्या जवळ आलेल्या तिघांना आधी बोलावलं. ज्या बाईने जन्मभर एका शब्दाचा एकच अर्थ पाहिला, तिने दुसरं काय समजायचं? तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "तिने नीट विचारायचं होतं." कोणाला? तिच्या कचेरीतल्या मोठ्या बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, तिने फोन लावला, तर ते म्हणाले, "हाव मॅडम, समुपदेशनच आहे. वरून आदेश आहे. या तुम्ही." विचारून झालं.

मग तिने तयारी केली. माझ्या गुडघ्यांचे एक्सरे, बीपीचे कागद, हृदयाची जुनी तपासणी. पसंतीक्रम ठरवला. नागपूर शहर, मग कामठी, मग रामटेक, मग उमरेड, कारण तिथून अप-डाउन करता येतं. हे सगळं झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू येशील?"

मी म्हटलं, "येईन की."

"खालच्या काकूंची काठी मागून आणते."

मी काठी वापरत नाही. तुम्हाला माहीत आहे, मी अजून धंतोलीपर्यंत पायी जाते. आणि जे लोक समुपदेशनाला आईबापांना दाखवायला आणतात त्यांच्याविषयी माझी लेक काय बोलायची, तेही मी ऐकलेलं आहे. मी फक्त "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने गेलो. सभागृहाला कुलूप. चौकशी केली तर मागच्या बाजूच्या एका लहान खोलीकडे बोट दाखवलं. आत एक नवा कूलर, तीन खुर्च्या, टेबलावर टिश्यूपेपरचा डबा, आणि पंचविशीतली एक मुलगी. कॉटनची साडी, गोड चेहरा, बोलणं पुण्याकडचं. पडदा नाही, साहेब नाहीत. आत्या क्षणभर दारातच थांबली, पण मग मला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, काठी नीट दिसेल अशी माझ्या मांडीवर आडवी ठेवली.

"बसा ना काकू. अगदी निवांत बसा," ती मुलगी म्हणाली. "आज तुम्ही जे बोलाल ते या खोलीतच राहील."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. बदलीतलं काहीही खोलीत राहत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने फाइल उघडली. "माझी सेवाज्येष्ठता आधी सांगते. आणि या माझ्या मातोश्री. यांचं वय..."

"ते आपण नंतर बघू. आधी डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा तर. लांब श्वास घ्या. आता मला सांगा, तुम्हाला कुठे असावंसं वाटतं?"

आत्याने डोळे मिटूनच सांगितलं, "पहिला पसंतीक्रम नागपूर शहर. दुसरा कामठी. तिसरा रामटेक."

मुलीने ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. मग हळुवारपणे विचारलं, "रामटेक म्हटल्यावर मनात काय येतं?"

"बस आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं."

"म्हणजे परत येणं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे."

"अर्थात! आई कोणाकडे राहील?"

त्या दोघी एकमेकींना किती छान समजून घेत होत्या! मला मात्र तेव्हाच शंका आली. मी त्या मुलीला इंग्रजीत विचारलं की हे नक्की कोणत्या प्रकारचं काउन्सेलिंग आहे. तिने सांगितलं. कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी नवी सेवा सुरू झाली आहे, प्रत्येक शाखेने काही नावं कळवायची होती, याचा बदलीशी काही संबंध नाही. मी ते मराठीत आत्याला सांगितलं.

तुमच्या बाबांची गंमत इथे संपते. पुढचं त्यांनी सांगितलं नसणार, कारण ते त्यांना माहीत नाही.

आत्याने डोळे उघडले. फाइल बंद केली. आधी तिला राग आला. "माझ्या मनाला काय झालंय? कोणी तक्रार केली माझी?" मुलगी बिचारी घाबरून म्हणाली की तक्रार नाही, तुमची निवृत्ती जवळ आहे म्हणून नाव आलं असेल, निवृत्तीनंतरच्या आयुष्याविषयी बोलायचं असतं. "पण आता साठ होणार म्हणतात," ती आत्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "म्हणजे तुम्हाला अजून वेळ मिळेल."

आत्या म्हणाली, "मला साठ नको."

आणि मग ती बोलू लागली. मोठ्याने नाही. एका बाईचं तान्हं मूल तिने सभागृहात आपल्या टेबलावर झोपवून घेतलं होतं आणि त्याच हाताने त्याच्या आईच्या नावापुढे सिरोंचा लिहिलं होतं. एक माणूस दर बदलीला तिला नमस्कार करतो आणि दर वेळी तिच्याच आवाजात त्याला लांबचं गाव मिळतं. "नावं मी पुकारते हो," ती म्हणाली. "जागा मी ठरवत नाही, पण पुकारते मीच. बदल्यांचा आणखी एक मे महिना मी काढीन. आणखी तीन मला जमणार नाहीत. आणि हे कचेरीत मी कोणाला सांगू? सगळे साठसाठी देव पाण्यात ठेवून बसलेत. त्या मागणीवर मीसुद्धा सही केली आहे."

मी शेजारी काठी घेऊन बसलेली. मी स्वतः अठ्ठावन्नला निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना मला रडू आवरलं नव्हतं. त्यामुळे साठची बातमी आली की मी घरात साखर वाटल्यासारखी आनंदाने सांगायची. माझी मुलगी ते ऐकून कपडे घडी करत राहायची.

त्या मुलीने तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितलं. आत्या "येते" म्हणाली, आणि मला वाटतं ती खरंच गेली असती.

पण आपलं गाव आणि आपली कचेरी. जेवणाच्या सुट्टीच्या आत गोष्ट सगळ्या मजल्यांवर पोचली. खोलीतलं खोलीत राहील म्हणणाऱ्या त्या मुलीने सांगितली असं मी म्हणत नाही. बाहेर बाकावर पुढच्या नंबरचे दोघे बसले होते आणि दाराला कडी नव्हती म्हणून ते उघडंच राहत होतं; आधीचं मोठ्याने बोललेलं सगळं त्यांना ऐकू गेलं. एवढी सेवा सुरू केली, कूलर आणला, टिश्यूपेपर आणले, कडी कोणाला सुचली नाही. दुसऱ्या दिवसापासून आत्या दिसली की कोणीतरी डोळे मिटून म्हणे, "पहिला पसंतीक्रम?" आणि दुसरा म्हणे, "रामटेक!" शिपाई म्हणाला, "मॅडम, मनाचंही समुपदेशन होते म्हणते ना आता? मंग माह्या मनाले बायकोपासून बदली भेटन का?" हे एक वेळ ठीक. त्याच्या बोलण्यात विष नसतं. पण शेजारच्या शाखेतल्या एका बाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "गोळ्या चालू केल्या का वं?" तेव्हापासून आत्या डबा आपल्या टेबलावरच खाते.

पुन्हा त्या खोलीत जायला ती तयार होईना. मी तिला म्हटलं, मग स्वेच्छानिवृत्ती घे. नोटीस दे आणि मोकळी हो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न मूर्ख वाटला.

"आता? समुपदेशनाला जाऊन आल्यावर? आई, सगळे काय म्हणतील सांगू? डोकं फिरलं म्हणून घरी बसवली. माझी एवढी नोकरी झाली, मी तसली होऊन बाहेर पडू?"

म्हणजे पाहा. मन हलकं व्हावं म्हणून एक सेवा काढली, आणि त्या सेवेने तिचा उरलेला एकमेव दरवाजा बंद केला. यात गंमत कुठे आहे ते तुमच्या बाबांना विचारा.

मे महिन्यात नेहमीचं समुपदेशन झालं, खरं, म्हणजे बदलीचं. ती टेबलावर बसली, नावं पुकारली, घरी येऊन पाणी प्यायली. त्यानंतर एक दिवस ती काही न सांगता त्या मागच्या खोलीकडे गेली. खोलीत निवडणुकीचं सामान रचून ठेवलेलं होतं. ती मुलगी कंत्राटावर होती. मुदत संपली, ती गेली. कुठे गेली, सेवा पुन्हा कधी सुरू होणार, कोणालाही सांगता आलं नाही. मोठे बाबू म्हणाले, "आपल्या शाखेचं तर झालं ना मॅडम? तीन नावं गेली. अहवाल गेला." हे तिने मला जेवताना सांगितलं, आणि मी एवढी चिडले की वरण ताटात वाढायचं ते ताटाबाहेर वाढलं.

जूनमध्ये एका रविवारी सकाळी मोठे बाबू आणि संघटनेचे एक पदाधिकारी आमच्या घरी आले. साठची मागणी पुन्हा जोरात करायची होती आणि ज्येष्ठांच्या सह्या हव्या होत्या. मी तर्री-पोहे केले होते, त्यांनाही दिले. दोघांनी तर्री दुसऱ्यांदा मागून घेतली. पदाधिकारी गृहस्थ बोलायला चांगले होते. म्हणाले, "काकू, पोहे एक नंबर. मॅडम, करा सही, म्हणजे आम्ही निघतो. जरीपटक्याला अजून दोन घरं बाकी आहेत."

आत्या म्हणाली, "मी या वेळी सही करणार नाही."

"काहून?" मोठे बाबू चमचा हवेतच ठेवून म्हणाले.

"मला साठ नको. मला अठ्ठावन्नला जायचंय."

"अहो, तुम्हाला नको तर नको, पण इतरांचा विचार करा ना. माह्या पोरीचं शेवटचं वर्ष आहे इंजिनिअरिंगचं. मी पुढच्या वर्षी घरी बसलो तर कसं करू? तुम्ही एकट्या आहात, तुमचं ठीक आहे."

हे वाक्य त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, तरी मला पोह्याची बशी काढून घ्यावीशी वाटली. आत्या मात्र शांत होती. "तुमचं साठ व्हावं. मी त्याच्या आड येत नाही. तुम्हाला साठ मिळो, मला अठ्ठावन्न मिळो. पण मला साठ हवं आहे असं माझ्या सहीने कुणी म्हणू नये."

पदाधिकारी हसून मोठ्या बाबूंकडे वळले. "समुपदेशनापासून मॅडम अशाच बोलून राहिल्या का हो?"

मी काही बोलणार तेवढ्यात आत्याच म्हणाली, "हो. पहिल्यांदा तिथेच बोलले. बदलीला बोलावलंय समजून गेले होते, आणि हे बोलून आले. तुम्हीही जायला हवं होतं, दादा, खोली होती तोवर."

मोठ्या बाबूंनी बशीतले पोहे संपवले. पदाधिकाऱ्यांनी चहा घेतला. मोठे बाबू जिन्यात थांबून मला म्हणाले, "काकू, मॅडमची काळजी घ्या." मी म्हटलं, "तुम्ही तुमची घ्या." त्यांना ते लागलं असेल. लागू दे.

आज परिस्थिती अशी आहे. साठचा निर्णय आलेला नाही. येणार की नाही कोणालाही माहीत नाही, आणि रोज कोणीतरी आलाच म्हणून सांगतो. निर्णय आला तर आत्याला राहावं लागेल, किंवा नोटीस देऊन लोकांची तोंडं सहन करावी लागतील. नाही आला तर ती पुढच्या वर्षी घरी असेल. मी रोज सकाळी पेपर उघडते आणि बातमी नाही असं पाहून मिटते, आणि यात आनंद मानायचा की नाही हेही मला कळत नाही. काळजी करून माझ्या हातात काही नाही याची मला सर्वांत जास्त चीड येते.

ती कचेरीत जाते. डबा अजून एकटीच खाते. रामटेकची थट्टा बरीच कमी झाली आहे, पूर्ण थांबलेली नाही. कोणी साठचं विचारलं की ती मान खाली घालत नाही. "मला नको," असं साध्या आवाजात सांगते आणि कामाला लागते.